शब्दचर्चा : ‘थिन फिल्म’ म्हणजे पडदा, पापुद्रा की थर?

विचारणा

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करणाऱ्या पदार्थांवर मी एक मराठी लेख लिहीत आहे. त्यात ‘पेरोव्स्काइट ऑक्सिनायट्रेटचे उच्च दर्जाचे स्फटिकी पातळ पडदे वाढवणे’ असे वाक्य मी लिहिले होते (पेरोव्स्काइट हे एका विशिष्ट स्फटिकरचनेचे नाव). ते वाचून एका वाचकाने हे पडदे कोठे टांगतात, असे अगदी गंभीरपणे विचारले. ‘फिल्म’, ‘ग्रोथ’ आणि ‘एपिटॅक्सी’ (एका स्फटिकावर त्याच्या मांडणीला अनुसरून दुसरा वाढणे) या तीन शब्दांसाठी जाणकार काय सुचवतील?

पहिला प्रतिसाद

आपल्या वाचकाची शंका रास्त आहे. पडदा दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. ही फिल्म मात्र खालच्या स्फटिकाला अणूंच्या बंधांनी जखडलेली असते आणि तिची जाडी बहुधा दहा ते शंभर नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) इतकीच भरते. ‘पापुद्रा’ मला प्रथम आवडला होता, पण पापुद्रा सुटतो, सोलता येतो, किंबहुना सुटणे हाच त्याचा गुण. ‘लेप’ आणि ‘मुलामा’ या शब्दांत आतल्या रचनेविषयी काहीच सूचित होत नाही. म्हणून मी ‘पातळ थर’ वापरतो आणि अणूंच्या एकेका रांगेविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘अणुथर’ असा वेगळा शब्द घेतो, म्हणजे ‘थरावर थर’ म्हणताना घोटाळा होत नाही.

‘ग्रोथ’साठी मराठीत एक फार नेमके क्रियापद आहे : धरणे. दुधावर साय धरते, जखमेवर खपली धरते, पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते. पदार्थ आपला आपण गोळा होऊन पृष्ठावर बसतो, हा अर्थ त्यात पूर्ण उतरतो. मात्र ‘धरवणे’ असे रूप करू नये, कारण ‘धरवत नाही’ म्हणजे धरणे शक्य होत नाही, असा त्याचा अर्थ आधीच रूढ आहे. म्हणून थराच्या बाजूने बोलताना ‘धरतो’ आणि संशोधकाच्या बाजूने बोलताना ‘वाढवतात’ अशी वाटणी मी करतो.

‘एपिटॅक्सी’साठी ‘जालकानुसारी वाढ’ कशी वाटते? जालक म्हणजे स्फटिकातील अणूंची नियमित जाळी.

दुसरा प्रतिसाद

‘थर’ आणि ‘धरणे’ या दोन्ही सूचना मान्य आहेत, पण ‘जालकानुसारी’ला माझा आक्षेप आहे. लुई रॉयर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये हा शब्द घडवला, तो ग्रीक भाषेतील ‘वर’ आणि ‘मांडणी’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून. यात दोन जालके सारखी असण्याची अट नाही. वरच्या स्फटिकाच्या दिशा खालच्या स्फटिकाने ठरवून दिलेल्या असणे, एवढाच भाव आहे. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या जालकाचे माप ०.३९०५ नॅनोमीटर आणि बेरियम टँटलम ऑक्सिनायट्राइडचे सुमारे ०.४११ नॅनोमीटर आहे. जवळजवळ पाच टक्क्यांचे हे अंतर असूनही पहिल्यावर दुसऱ्याचा एपिटॅक्सियल थर धरतो, मात्र तो जाड होत गेला की ताण असह्य होऊन आत दोषरेषा पडतात. माप अनुसरले नाही तरी दिशा अनुसरली जाते. म्हणून ‘एपिटॅक्सी’ हाच शब्द ठेवावा आणि प्रथम येईल तेथे ‘खालच्या स्फटिकाची मांडणी अनुसरून धरलेला थर’ असे उलगडून सांगावे.

‘उच्च दर्जाचे’ हे विशेषणही येथे पोकळ आहे. दर्जा तांदळालाही असतो. एक्स-किरण विवर्तनाच्या (स्फटिकातून विखुरणाऱ्या किरणांच्या) आलेखातील शिखर किती अरुंद आहे, म्हणजेच थराचे लहान लहान तुकडे एकमेकांपासून किती कमी कललेले आहेत, हे येथे अभिप्रेत असते; तेव्हा ‘सुविन्यस्त’ किंवा सरळ ‘कमी दोषांचा’ म्हणावे.

तिसरा प्रतिसाद

मूळ वाक्यातील सर्वांत मोठी चूक अजून कोणी दाखवली नाही. ‘ऑक्सिनायट्रेट’ नव्हे, ‘ऑक्सिनायट्राइड’. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा अणू तीन ऑक्सिजनांनी वेढलेला असतो. नायट्राइडमध्ये तो स्वतः ऋणभारित होऊन थेट धातूला जोडलेला असतो. शब्दाचा शेवट बदलला की पदार्थ बदलतो.

याच कारणाने ‘नायट्रोजन मिसळलेला ऑक्साइड’ हा प्रयोगही मला खटकतो. नायट्रोजन येथे मिसळत नाही, तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि ही जागा सहज मिळत नाही. नायट्रोजन रेणूतील तिहेरी बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून नुसता नायट्रोजन सोडून काम होत नाही. अमोनिया तरी लागतो किंवा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) तरी. विद्यार्थिदशेत मी लँथॅनम टायटॅनियम ऑक्साइडची पांढरी पूड अमोनियाच्या प्रवाहात ९५० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवत असे. सकाळी भट्टीच्या नळीतून बोट (पूड ठेवण्याची होडीच्या आकाराची लहान वाटी) बाहेर ओढली की पूड विटकरी झालेली दिसे, आणि एखाद्या दिवशी वायू नीट न पोहोचलेल्या कोपऱ्यात फिकट डाग उरलेला असे. पांढऱ्या ऑक्साइडला दृश्य प्रकाश शोषता येत नाही, विटकरी ऑक्सिनायट्राइड मात्र सुमारे ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषतो; जागा बदलल्याची खूण डोळ्यांना दिसते ती अशी.

पातळ थराच्या बाबतीत हीच अडचण अधिक तीव्र होते. स्फटिक नीट लागावा म्हणून तापमान चढवावे, तर नायट्रोजन निसटू लागतो. तो टिकावा म्हणून तापमान उतरवावे, तर मांडणी विस्कटते. टोक्यो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लेझरच्या स्पंदांनी पदार्थ उडवताना नायट्रोजन प्लाझ्माची जोड दिली आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटवर स्ट्रॉन्शियम टँटलम ऑक्सिनायट्राइडचे एपिटॅक्सियल थर वाढवले. त्या पद्धतीत ज्यावर लेझर मारतात त्या दाबून भाजलेल्या चकतीला ‘लक्ष्य’ न म्हणता ‘वडी’ म्हणावे, असे मी सुचवीन. आणि तिच्यातून उसळणाऱ्या झगझगीत प्लाझ्माला ‘पिसारा’.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. नायट्रेटची चूक माझीच होती. वाक्य आता असे केले आहे : ‘पेरोव्स्काइट ऑक्सिनायट्राइडचा कमी दोषांचा पातळ थर वाढवताना खालच्या स्फटिकाची मांडणी वर उतरावी लागते आणि नायट्रोजनने ऑक्सिजनची घेतलेली जागा शेवटपर्यंत टिकावी लागते.’ ‘पिसारा’ घेतला आहे. ‘वडी’ घ्यावी असे वाटते, पण संपादक ती ठेवतील का, हे विचारून पाहतो.