पियाला प्रेसिडेन: हंगामाआधीची स्पर्धा सरावासाठी की करंडकासाठी?

सुंदानिवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं इंडोनेशियातल्या पश्चिम जावात आहे, बांडुंगच्या अलीकडे. या पट्ट्यातल्या कापडगिरण्यांमध्ये आपली माणसं पुष्कळ आहेत. इथे राहिलं की माणूस आपोआप पर्सिब बांडुंग या फुटबॉल क्लबचा होतो. मीही झालो. त्यामुळे हे बाहेरून केलेलं शेरेबाजीचं लिखाण नाही, घरातलं भांडण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडोनेशियात लीग सुरू व्हायच्या आधी व्यावसायिक क्लबांची 'पियाला प्रेसिडेन' म्हणजे राष्ट्राध्यक्ष चषक स्पर्धा होते. २०१५ ला सुरू झाली. मग २०१७, २०१८, २०१९, २०२२, २०२४ आणि २०२५. पहिली पर्सिबने जिंकली, २०१८ ची जाकार्ताच्या पर्सिजाने, आणि तब्बल चार वेळा मलांगच्या अरेमाने. २०२५ ला बाहेरचे क्लबही बोलावले आणि करंडक थायलंडच्या पोर्ट एफसीने नेला.

माझं म्हणणं असं की ही स्पर्धा तिच्या पायरीवर राहिलेली नाही. हंगामाआधी खेळायचं ते अंग मोकळं करायला, नव्या खेळाडूला संघात बसवायला, पोरांना मिनिटं द्यायला. इथे त्यावर अब्जावधी रुपियांचं बक्षीस लावलंय, खुद्द राष्ट्राध्यक्षांचं नाव दिलंय, फायनल कधी कधी दोन शहरांत दोन लेगची, म्हणजे दोन मॅच मिळून निकाल. एवढं सगळं असल्यावर कोणता कोच हरण्याची जोखीम घेऊन अठरा वर्षांच्या पोराला उतरवेल?

२०२२ चंच बघा. फायनलचा दुसरा लेग १७ जुलैला समारिंडात झाला, अरेमाने बोर्निओ एफसीला एकूण १-० असं हरवलं. लीग सुरू झाली २३ जुलैला. मध्ये आठवडासुद्धा नाही. आणि अरेमाची लीगमधली पहिलीच मॅच त्याच बोर्निओशी, त्याच मैदानावर. ०-३ हरले. ज्या कोचने करंडक आणला त्या एदुआर्दो अल्मेदाला सप्टेंबरात नारळ दिला. अरेमाच्या चार करंडकांपैकी एकाही वर्षी त्यांना लीग जिंकता आली नाही. मग ही तयारी नक्की कशाची?

आडवा पास

दादा, तुमचा मुद्दा युरोपातल्या क्लबांना लागू पडतो. तिथे लीग ऑगस्टात सुरू होणार म्हणजे होणारच. इंडोनेशियात ती खात्री कधी होती?

ही स्पर्धा जन्मली कशी ते तुम्ही एका ओळीत उडवलंत. २०१५ ला क्रीडा मंत्रालय आणि पीएसएसआय, म्हणजे त्यांची फुटबॉल संघटना, यांच्यात जुंपली. लीग जेमतेम सुरू झालेली, ती बंद पडली. ३० मे रोजी फिफाने देशालाच निलंबित केलं, ते उठलं पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. खेळाडूंचे पगार थांबले, आणि नावाजलेले व्यावसायिक खेळाडू गावोगावच्या स्पर्धांत पोटापाण्यासाठी खेळत होते. अशा वेळी सोळा संघ जमवून, प्रायोजकांच्या पैशातून पियाला प्रेसिडेन भरवली. १८ ऑक्टोबरला जाकार्ताच्या गेलोरा बुंग कार्नो स्टेडियमवर पर्सिबने श्रीविजयला २-० हरवलं आणि तीन अब्ज रुपियांचं बक्षीस घेतलं. त्या वर्षात बांडुंगच्या माणसाला साजरं करायला दुसरं होतं काय?

आणि हिशोबाचंही सांगतो. या स्पर्धेने सरकारी तिजोरीतून पैसे घेत नाही असं पहिल्यापासून जाहीर केलं आणि जमाखर्च प्राइसवॉटरहाउसकूपर्सकडून तपासून घेण्याची प्रथा पाडली. इंडोनेशियन फुटबॉलमध्ये हे किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

सुंदानिवासी

२०१५ बद्दल तुमच्याशी वाद नाही. त्या वर्षी लीगच नव्हती, म्हणजे ती स्पर्धा हंगामाआधीची नव्हतीच. तोच हंगाम होता. दुष्काळात उघडलेलं अन्नछत्र सुकाळात त्याच थाटात का चालवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

हाफटाइम

मी खेळाडूंच्या फिटनेसचं काम करतो, त्यामुळे फक्त शरीरापुरतं बोलतो. सुट्टीवरून आलेल्या खेळाडूला पहिल्या मॅचला अर्धा तास, मग एक हाफ, मग साठ मिनिटं, असं चढवत न्यायचं असतं. मैत्रीपूर्ण लढतीत दोन्ही कोच आपसांत ठरवून हवे तेवढे बदल करतात. अंगात अजून जड सराव मुरलेला असतो, पाय शिणलेले असतात. अशा पायांनी बक्षिसाची मॅच खेळायला लावली की टॅकलला उशीर होतो. एवढं साधं आहे ते.

ओले रोमेनीचं काय झालं ते आठवा. राष्ट्रीय संघाचा पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर. २०२५ च्या मार्चमध्ये बहारीनविरुद्ध आणि जूनमध्ये चीनविरुद्ध, दोन्ही मॅच त्याच्याच गोलवर १-० जिंकल्या आणि इंडोनेशिया विश्वचषक पात्रतेच्या चौथ्या फेरीत गेला. जुलैत तो इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडून पियाला प्रेसिडेन खेळायला आला. अरेमाविरुद्धच्या मॅचमध्ये पायाला जबर लागलं, ऑपरेशन करावं लागलं. ऑक्टोबरात जिद्दाला सौदीकडून २-३ आणि इराककडून ०-१ अशी हार झाली तेव्हा त्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झाले होते. सगळा दोष त्या एका टॅकलचा असं मी म्हणणार नाही. पण ज्या स्पर्धेचं लीगच्या गुणतक्त्यात काहीच मोल नाही, तिथे देशाने आपला नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, गमावला.

रंकाळ्यावरून

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम अशा फुटबॉल मॅच बघत वाढलेला माणूस. आमच्याकडे लीग वेगळी आणि बक्षिसाच्या चषक स्पर्धा वेगळ्या, पण पेठेतल्या पोराला विचारा, त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. समोर दुसरी तालीम उभी राहिली की सराव नावाची गोष्ट उरत नाही. तुम्ही बक्षीस काढा, करंडक काढा, राष्ट्राध्यक्षांचं नाव काढा. पर्सिब आणि पर्सिजा समोरासमोर आले की बोबोतोह आणि जाकमानिया, म्हणजे त्यांचे चाहते, एकमेकांना सोडणार आहेत का? ईर्ष्या बक्षिसातून येत नाही राव. ती आधीपासून असते, म्हणून तर प्रायोजक बक्षीस लावतो.

आडवा पास

रंकाळ्यावरून, अगदी मनातलं बोललात.

@हाफटाइम, रोमेनीचं वाईट मलाही वाटलं. पण तसा टॅकल बंद दाराआडच्या मैत्रीपूर्ण लढतीतही होतो, दरवर्षी कुठे ना कुठे होतोच.

आता २०२१ बघा. कोविडमुळे २०२० ची लीग दोन-तीन फेऱ्यांतच थांबली आणि मग रद्द झाली. इंडोनेशियात पोलिसांच्या परवानगीशिवाय मॅच होत नाही, आणि पोलीस परवानगी देईनात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये क्रीडामंत्र्यांच्या नावाने 'पियाला मेनपोरा' भरवली. प्रेक्षक नाहीत, मोजक्या शहरांत, चाचण्या करून. फायनलमध्ये पर्सिजाने पर्सिबला दोन लेगमध्ये मिळून ४-१ हरवलं (तुम्हाला दुखत असेल, पण नोंद आहे). ती पार पडली म्हणून ऑगस्टात लीग उघडली. सुंदानिवासी, बंद पडलेली लीग दोनदा अशाच स्पर्धांनी चालती केली. तिसऱ्यांदा लागणारच नाही असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?

सुंदानिवासी

नाही सांगू शकत. पण तुमचंच उदाहरण पूर्ण करतो. त्या फायनलच्या रात्री, स्टेडियम रिकामं असताना, पर्सिजाचे चाहते जाकार्तात बुंदारान हाय चौकात जमले. कोविडच्या भर काळात, खच्चून गर्दी. संघांनी नियम पाळले, गर्दीचा विचार कुणी केलाच नव्हता.

माझा खरा राग इथे आहे.

१७ जून २०२२. गेलोरा बांडुंग लाउतान आपी, म्हणजे आमचं घरचं मैदान. पियाला प्रेसिडेनची साखळी मॅच, पर्सिब विरुद्ध पर्सेबाया. कोविडनंतर लोक पहिल्यांदाच मोठ्या संख्येने मैदानावर येत होते. प्रवेशद्वारापाशी रेटारेटी झाली आणि पर्सिबचे दोन चाहते त्यात जीव गमावून बसले. हंगामाआधीच्या मॅचला.

इथल्या मॅचचा दिवस ज्याने पाहिलाय त्याला ते डोळ्यांसमोर आणता येईल. दुपारपासून निळ्या जर्सीतली पोरं एकेका मोटरसायकलवर तिघं-तिघं येतात. रस्त्याच्या कडेला मफलर, झेंडे, तळलेलं टोफू, थंड चहाच्या बाटल्या. गेटपाशी लोखंडी कठडे, त्यातून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. आतून राष्ट्रगीत ऐकू आलं की मागचे ढकलायला लागतात. पुढच्याला मागे वळायलाही जागा नसते. तिकीट नसलेली पोरंही त्याच रांगेत असतात, कारण बाहेरच त्यांना अडवावं असं कुणाला सुचलेलं नसतं.

दोन माणसं गेल्यावर काय व्हायला हवं होतं? सगळं थांबवून प्रत्येक मैदानाची दारं, रांगा, तिकिटांची संख्या, पोलिसांना दिलेल्या सूचना तपासायला हव्या होत्या. त्याऐवजी स्पर्धा पुढे गेली. १४ जुलैला फायनलचा पहिला लेग मलांगच्या कांजुरुहानवर झाला. १७ ला दुसरा. २३ ला लीग.

आणि १ ऑक्टोबरला, त्याच कांजुरुहानवर, अरेमा घरच्या मैदानावर पर्सेबायाकडून २-३ हरली. लोक मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे पळाले. १३५ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. गर्दीवर सोडायचा गॅस स्टेडियमात नेऊच नये हे फिफाच्या सुरक्षा नियमांत लिहिलेलं आहे. ती मॅच दुपारी घ्या अशी पोलिसांनी आधी विनंती केली होती, तीही रात्री आठलाच झाली.

सराव फक्त अकरा जणांचा नसतो हो. गेटवरच्या माणसाचा, तिकीट तपासणाऱ्याचा, पोलिसाचा, रुग्णवाहिकेचाही सराव हंगामाआधीच व्हायला हवा. ती सहा दिवसांची फट ज्यांनी ठेवली, त्यांनी हा सराव रद्द केला.

हाफटाइम

हे वाचून पुढे काही लिहावंसं वाटेना. फक्त एक भर घालतो. २०१८ च्या फायनलला पर्सिजाने बाली युनायटेडला ३-० हरवलं तेव्हाही एशियन गेम्ससाठी नुकतंच नूतनीकरण झालेल्या गेलोरा बुंग कार्नोवर गेट आणि कठडे मोडले होते. खूण तेव्हाच दिसली होती.

आडवा पास

सुंदानिवासी, तुमच्या रागापुढे मी आकडे ठेवणार नाही. पण कांजुरुहानची मॅच लीगची होती. तिथला अश्रुधूर, बंद दारं, रात्रीची वेळ, यांतलं काहीच पियाला प्रेसिडेनने आणलं नव्हतं. स्पर्धा छोटी असती तरी ते पोलीस तेच होते आणि ते जिनेही तेच.

उलट तुमच्याच म्हणण्यातून माझा मुद्दा निघतो. गेटवरच्या माणसाचा सराव व्हायचा तर गेटवर माणसं यायला हवीत. रिकाम्या स्टेडियमात बंद दाराआड दोन मॅच खेळून कुठल्या पोलिसाला गर्दी कळणार? आता लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना बंदी आहे. ती कधीतरी उठवायची असेल तर आधी कुठे करून बघणार? हंगामाआधीच ना?

वेंगुर्ला एफसी

मला एक कळत नाही. २०२५ ला ऑक्सफर्ड आणि पोर्टला बोलावून इंडोनेशियाच्या क्लबांना काय मिळालं? पर्सिब, देवा युनायटेड, अरेमा आणि लीगचा एक निवडक संघ, एवढेच घरचे. बाकीच्या क्लबांनी टीव्हीवर बघायचं? फायनल बांडुंगजवळ सी जालाक हारुपातवर, आणि मैदानात एक थाई संघ, एक इंग्लिश. पोर्टने २-१ जिंकली. ज्या ऑक्सफर्डच्या मालकांत पीएसएसआयचे अध्यक्ष एरिक तोहिर स्वतः आहेत, तोच संघ त्यांच्याच देशातल्या या स्पर्धेत आणणं मला बरोबर वाटत नाही. नियमात बसत असेल, तरीही.

आडवा पास

इथे मी तुमच्या बाजूने आहे. घरचे क्लब बाहेर ठेवून स्पर्धा मोठी होत नाही.

सुंदानिवासी

मग आता जमलं तर मधली वाट सांगतो. घरचेच क्लब, सगळे. मॅच दुपारी साडेतीनला. मैदानाच्या निम्मीच तिकिटं, तीही नावानिशी, आणि तपासणी गेटपासून लांब बाहेरच्या कठड्यापाशी. फायनल एकच, आणि ती लीगच्या निदान तीन आठवडे आधी. मॅचमध्ये बदल हवे तेवढे. कुठेही कुणाला इजा झाली तर त्या मैदानावरची पुढची मॅच तपासणी होईपर्यंत थांबवायची. आणि बक्षीस बंद. प्रायोजकाचा पैसा सहभागी क्लबांत सारखा वाटायचा.

रंकाळ्यावरून

दुपारी साडेतीनला जावातल्या उन्हात? खेळाडू वाळतील की. पण बाहेरच्या कठड्याचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडेही मोठ्या मॅचला तेच करायला हवं.

आडवा पास

सगळं मान्य, तीन आठवडेही मान्य. बक्षिसाचं नाही. पैसा सारखा वाटलात की पर्सिब, पर्सिजा पोरांचा संघ पाठवणार, कारण त्यांना त्या पैशाची गरजच नाही. ते आले नाहीत की प्रेक्षक येणार नाही, प्रेक्षक नाही तर चॅनल नाही, आणि पुढच्या वर्षी वाटायला पैसाच उरणार नाही. समारिंडा, सोलो किंवा पदांगच्या क्लबासाठी या स्पर्धेतून येणारी रक्कम म्हणजे हंगामाआधीच्या एक-दोन महिन्यांचे पगार असू शकतात. इंडोनेशियात पगार थकलेल्या खेळाडूंची यादी दर हंगामात निघते. गर्दी आवरायची तर गर्दी आवरा. खेळाडूच्या ताटातलं कशाला काढता?

सुंदानिवासी

ताटातलं काढत नाही, सगळ्यांच्या ताटात सारखं वाढा म्हणतोय. आणि पर्सिबने पोरांचा संघ पाठवला तर मी तिकीट काढून बघायला जाईन. ती पोरं दाखवायलाच तर ही स्पर्धा हवी आहे.