शब्दचर्चा: 'आल्मुएर्थो'ला न्याहारी म्हणावं की नाश्ता?

प्रश्न
स्पॅनिशमधला एक ललित लेख मराठीत आणतोय. प्रसंग स्पेनमधल्या वालेन्सियातला. वाक्य साधंच आहे : शनिवारी सकाळी मित्रमंडळी वस्तीतल्या 'बार'मध्ये 'आल्मुएर्थो'साठी जमतात. शब्दकोश म्हणतो, आल्मुएर्थो म्हणजे दुपारचं जेवण. पण लेखात वाजलेत दहा, आणि दोन वाजता हीच मंडळी आपापल्या घरी जेवायला जातात. बरं, 'मित्र सकाळीच बारमध्ये जमले' असं लिहिलं, तर आपला वाचक म्हणणार, सकाळी सकाळीच बसले की हे! काय करावं?

प्रतिसाद
शब्दकोश चुकलेला नाही, तुमचा प्रदेश वेगळा आहे. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आल्मुएर्थो म्हणजे दुपारचं जेवणच. स्पेनमध्ये दुपारच्या जेवणाला रोजच्या बोलण्यात 'कोमिदा' म्हणतात, तेही दोन-तीन वाजता. वालेन्सियात आल्मुएर्थो म्हणजे साडेनऊ ते अकराच्या दरम्यानचं भरभक्कम खाणं. उठल्यावर कॉफीबरोबर काहीतरी तोंडात टाकतात ते 'देसायुनो', ते वेगळं. तिथल्या वालेन्सियन भाषेत याच दहाच्या खाण्याला 'एस्मोरझार' म्हणतात, आणि लाडाने 'एस्मोरझारेत'. त्या 'एत' प्रत्ययाने खाणं लहान होत नाही बरं का. हातभर पाव असतो.

प्रतिसाद
मग प्रश्नच मिटला. न्याहारी! ही प्रथा मुळात शेतमजुरांची. अंधार असतानाच वाफ्यांत उतरायचं आणि उन्हं वर आली की हातातलं काम टाकून खायचं. आपल्याकडे पहाटे औत धरणाऱ्याला शेतावर न्याहारी यायची ती याच वेळेला आणि याच कारणाने. उठल्या उठल्या खातात ती न्याहारी नव्हेच. आधी काम, मग न्याहारी. नाश्त्यात हा कामाचा भाग येत नाही. नाश्ता आंघोळ करून, पेपर वाचत, कामाला जायच्या आधी होतो.

प्रतिसाद
पटलं, पण अर्धंच. न्याहारी शेताच्या बांधावर होते, नाहीतर घरी. मित्रांनी ठरवून बाहेर जाऊन न्याहारी करणं कानाला खटकतं. आता रिसॉर्टवाले जाहिरातीत 'गावरान न्याहारी' लिहितात ते सोडा (त्यांच्यापायी चांगला शब्द लवकरच वापरायच्या लायकीचा राहणार नाही). बाहेर जाऊन करायचा तो नाश्ताच. 'चल, नाश्त्याला भेटू' असंच कोणीही म्हणेल.

जाता जाता : फारसीत 'नाश्ता' म्हणजे ज्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही असा, उपाशी. इराणमध्ये आजही रक्ततपासणीला 'नाश्ता' या म्हणजे रिकाम्या पोटी या. आपण तोच शब्द घेतला आणि पोट भरायला वापरला. देसायुनोची फोड 'उपास मोडणे' अशीच आहे. म्हणजे शब्दशः भाषांतर करायचं तर 'पारणं', पण ते करू नका, वाचक एकादशी शोधत बसेल.

प्रतिसाद
नाश्ता की नाष्टा?

प्रतिसाद
लिहिताना नाश्ता, बोलताना तोंडाला येईल ते. कृपया इथे तो वाद नको.

प्रतिसाद
माझ्या मते खरी अडचण 'बार'ची आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहतच नाही. स्पेनमधला बार पहाटे उघडतो. काउंटरवर कॉफीचं यंत्र, काचेच्या पेटीत बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, शेजारची आजी कॉफी पितेय, कोणी लेकराला शाळेत सोडून आलंय. आपल्या 'बार'मागे परमिट रूमची पाटी आणि काळ्या काचा येतात. म्हणून मी सरळ 'हॉटेल' लिहीन. मराठीत हॉटेलात राहायला कमी आणि चहा प्यायला जास्त जातात. 'कोपऱ्यावरच्या हॉटेलात' म्हटलं की जागा डोळ्यांसमोर येते. 'उपाहारगृह' फक्त पाटीवर शोभतं.

प्रतिसाद
पण मग दारूचं काय? एस्मोरझारच्या टेबलावर आधी 'गास्तो' येतो : ऑलिव्ह, लोणच्यातल्या मिरच्या, सालासकट भाजलेल्या शेंगा. त्या शेंगांना तिथे 'काकाउ' म्हणतात. त्याबरोबर बिअर, नाहीतर वाइनमध्ये गोडसर सोडा. मग तो लांब पाव, म्हणजे बोकादियो. त्यात कांद्याचं ऑम्लेट, घोड्याचं मांस, किंवा 'ब्लांक इ नेग्रे', म्हणजे एक पांढरट आणि एक काळं असे दोन सॉसेज. शेवटी 'क्रेमाएत' : रम, साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे एकत्र करून पेटवतात आणि वर कॉफी ओततात. शब्दाचा अर्थच 'जाळलेलं'. हे सगळं 'हॉटेलात' घातलंत तर वाचक दुसऱ्या बाजूने दचकेल. तेव्हा बार हा बारच राहू द्या. फक्त तो शब्द यायच्या आधी, एका वाक्यात, कॉफी पिणारी ती आजी दाखवा. तळटीप नको.

प्रश्नकर्ता
आजी मूळ लेखात नाही हो! पण दारातच कॉफीच्या यंत्राच्या फुसफुसण्याचा उल्लेख आहे, तोच दोन ओळी वर आणतो. सध्याचा खर्डा असा : 'दारातूनच कॉफीच्या यंत्राची फुसफुस ऐकू यायची. शनिवारी दहाच्या सुमारास आम्ही सगळे वस्तीतल्या त्या बारमध्ये न्याहारीला बसायचो.' बाहेर न्याहारी 'करायला जाणं' खटकतं हे मान्य, म्हणून 'न्याहारीला बसणं' घेतलंय. नुसतं 'बसायचो' म्हटलं असतं तर अनर्थ होता. आता समोर 'न्याहारीला' असल्याने सभ्यपणा शाबूत राहतो, आणि ग्लासातल्या वाइनलाही जागा उरते.

प्रतिसाद
वाक्य छान. एस्मोरझारेतमधला लाड मात्र निसटला. 'न्याहारीबिहारी' करून पाहिलंत का?

प्रश्नकर्ता
पाहिलं. बिहारी वाचून घरातल्यांनी विचारलं, आता हे कोण आले?