जुन्या लॅपटॉपमधील अनोळखी एसएसडी कोणती आहे आणि तिच्यावर लक्ष कसे ठेवावे?

नमस्कार,

माझ्याकडे २०१० च्या सुमारास बाजारात आलेला एक लॅपटॉप आहे. आधीच्या मालकाने त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरता भाग नसलेली, फ्लॅश चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) बसवलेली आहे. ही एसएसडी नेमकी कोणती, तिच्या आत कोणता कंट्रोलर (तिचे काम चालवणारी मुख्य चिप) आहे आणि ती आणखी किती भरवशाची आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. लॅपटॉप बदलणे शक्य नाही, कारण एका जुन्या मोजमाप-यंत्राची प्रणाली विंडोज ७ असलेल्या याच यंत्रावर चालते. संपूर्ण डिस्कची प्रतिमा मी दुसरीकडे जपून ठेवली आहे, त्यामुळे प्रश्न माहिती वाचवण्याचा नसून एसएसडी बदलायची वेळ आधी कशी ओळखावी, हा आहे.

आवरणावरच्या लेबलवर ‘एसएसडी १२० जीबी’ आणि एक बारकोड यांखेरीज काहीही छापलेले नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्कची माहिती वाचणारे स्मार्टसीटीएल हे साधन ‘-एक्स’ पर्यायासह चालवले, तेव्हा मॉडेलच्या जागीही हेच नाव दिसले. निर्मात्याचा संकेत ज्यात असायला हवा, त्या वर्ल्ड वाइड नेमच्या जागी केवळ शून्ये आहेत. फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतली प्रणाली, ‘एसबीएफएम६१.२’ असे दिसते, एकूण सेक्टर २३,४४,४१,६४८ आहेत आणि ही एसएसडी स्मार्टसीटीएलच्या डेटाबेसमध्ये नाही, अशी स्पष्ट सूचना येते. साटाचा वेग ६ गिगाबिट, पण सध्याचा ३ गिगाबिट असे दाखवले जाते. लॅपटॉपचा साटा त्याच पिढीचा असल्याने त्यात मला काही वावगे वाटत नाही.

खरी अडचण स्मार्टच्या, म्हणजे एसएसडी स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांची आहे. बहुतेक ॲट्रिब्यूटांपुढे (त्या नोंदीतल्या क्रमांकित बाबींपुढे) ‘अननोन’ लिहिलेले आहे. क्रमांक ९, म्हणजे चालू राहिल्याचे तास, ९,२१२ आहेत आणि ते पटण्यासारखे आहेत. क्रमांक १७३ चा रॉ (कच्चा) आकडा मात्र ३९,९७,७७० आहे. तो पुसण्याच्या आवर्तनांचा असेल, तर ही एसएसडी केव्हाच निकामी व्हायला हवी होती. क्रमांक २३१ ची व्हॅल्यू ९४ आहे, पण ते उरलेले आयुष्य आहे की खर्ची पडलेले, हे कुठेच सांगितलेले नाही. क्रमांक २४१ चा रॉ आकडा ४,८८० आहे आणि त्याचे एकक माहीत नसल्याने किती लिखाण झाले, हे कळत नाही. क्रमांक १९२ चा आकडा २१२ आहे. क्रमांक १९४ मध्ये तापमान ३३ अंश दिसते. लॅपटॉप थंड असताना सुरू केल्यावरही ३३ आणि मोठी फाइल उतरवून झाल्यावरही ३३. प्रमाणित स्वरूपातली डिव्हाइस स्टॅटिस्टिक्सची नोंद वाचता येते का, हेही पाहिले, परंतु ती सोय या एसएसडीत नाही.

यातल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि कोणता सोडून द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. निर्मात्याचे नाव कळले नाही तरी चालेल, पण आकड्यांचा अर्थ कळला पाहिजे.

प्रतिसाद

आपण आकडे पूर्ण दिले, म्हणून उत्तर देणे शक्य झाले. अशा एसएसडीच्या बाबतीत मॉडेलच्या नावाला फारशी किंमत देऊ नये. एटीए या डिस्कजोडणीच्या मानकात नावासाठी ४० अक्षरे, अनुक्रमांकासाठी २० आणि फर्मवेअरसाठी ८ अक्षरांची जागा असते. तिथे काय भरायचे, हे एसएसडी बांधणारा ठरवतो आणि अनेक जण दुसऱ्याचा कंट्रोलर व तिसऱ्याची फ्लॅश घेऊन केवळ स्वतःचे लेबल लावतात. फर्मवेअरचे नाव मात्र सहसा कंट्रोलर बनवणाऱ्याच्या पद्धतीने राहते, आणि ‘एसबीएफएम’ ही सुरुवात फायसनच्या पीएस३१११, म्हणजेच एस११ या कंट्रोलरची आहे. हा स्वतंत्र डीरॅम (वेगवान तात्पुरती स्मृती) नसलेला, स्वस्त साटा एसएसडींमध्ये फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला कंट्रोलर आहे. लॅपटॉपपेक्षा एसएसडी बरीच नवी आहे, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

आता १७३ कडे वळू. स्मार्टचा रॉ आकडा सहा बाइटांचा असतो आणि अनेक निर्माते त्या सहा बाइटांत दोन-तीन वेगवेगळे आकडे भरतात. ओळख नसलेल्या एसएसडीसाठी स्मार्टसीटीएल ते सगळे एकच मोठी संख्या म्हणून छापते. आपले ३९,९७,७७० हेक्साडेसिमलमध्ये लिहिले, तर ३डी००४ए असे होते. त्यातले शेवटचे दोन बाइट वेगळे काढले की ००४ए, म्हणजे ७४ उरतात आणि त्यांच्या आधीचा भाग ३डी, म्हणजे ६१. फायसनच्या मांडणीत पहिला आकडा सर्वाधिक झिजलेल्या ब्लॉकचा (फ्लॅशच्या एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आणि दुसरा सरासरीचा असतो. आपल्या एसएसडीतला प्रत्येक ब्लॉक सरासरी ६१ वेळा पुसला गेला आहे आणि कमाल ७४ वेळा. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, म्हणजे झीज सगळीकडे सारखी वाटण्याचे कामही नीट चालू आहे.

एकदा ६१ हा आकडा हाती आला, की बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतात, आणि अनोळखी एसएसडीसाठी मला हीच सर्वांत विश्वासाची पद्धत वाटते. आपण दिलेली सेक्टरांची संख्या १२० जीबीसाठी उद्योगात ठरलेली प्रमाणित संख्या आहे. या क्षमतेच्या एसएसडीत आत बहुधा १२८ गिबीबाइट (जीबीपेक्षा थोडे मोठे एकक) फ्लॅश असते आणि फरकाची जागा राखीव ब्लॉकांसाठी व कंट्रोलरच्या स्वतःच्या कामासाठी जाते. १२८ ला ६१ ने गुणल्यास फ्लॅशवर एकूण ७,८०८ गिबीबाइट लिखाण झाले, असे निघते. आता २४१ चा ४,८८० घ्या. तो ५१२ बाइटांच्या सेक्टरांत मोजलेला असेल, तर सगळे मिळून अडीच एमबीसुद्धा लिहिले गेलेले नाही, आणि ते अशक्य आहे. काही निर्माते ३२ मेबीबाइटचे एकक वापरतात. तसे धरल्यास १५२.५ गिबीबाइट होतात, म्हणजे संगणकाने लिहिलेल्या प्रत्येक बाइटमागे फ्लॅशवर ५१ बाइट लिहिले गेले, असे मानावे लागेल. साध्या वापरात असे होत नाही. एकक गिबीबाइट धरले, तर हे गुणोत्तर १.६ येते आणि ते अगदी पटण्यासारखे आहे.

२३१ चेही असेच. टीएलसी, म्हणजे एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या, फ्लॅशसाठी पुसण्याची साधारण १,००० आवर्तने गृहीत धरली जातात. ६१ आवर्तने झाली, म्हणजे सुमारे ६ टक्के आयुष्य संपले. ९४ हा उरलेल्या आयुष्याचा आकडा आहे.

१९४ सोडून द्या. अनेक स्वस्त एसएसडींमध्ये तापमानाचा संवेदकच नसतो आणि फर्मवेअर एक ठरावीक संख्या परत करते. १९२ चा २१२ मात्र दुर्लक्षिण्यासारखा नाही. अचानक वीज गेल्यामुळे एसएसडी किती वेळा बंद पडली, याची ती मोजणी आहे. आपल्या लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली आहे का? या वर्गातल्या एसएसडींमध्ये वीज गेल्यावर हातातले काम पुरे करण्याइतका साठा देणारे मोठे कपॅसिटर सहसा नसतात. कोणती माहिती कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सांगणारा तक्ता लिहिला जात असतानाच वीज गेली, तर झीज ६ टक्के असो की ६० टक्के, एसएसडी एका क्षणात हातची जाऊ शकते. माझ्या मते आपल्या एसएसडीला झिजेपेक्षा या गोष्टीचा धोका अधिक आहे.

एककाचा निष्कर्ष मात्र प्रत्यक्ष मोजून पक्का करावा. आधी २४१ ची नोंद घ्या. मग १६ गिबीबाइटची यादृच्छिक माहितीने भरलेली फाइल एसएसडीवर लिहा, लिखाण पूर्ण उतरल्याची खात्री करा आणि पुन्हा नोंद घ्या. एकक सेक्टर असेल, तर आकडा ३,३५,५४,४३२ ने वाढेल. ३२ मेबीबाइट असेल, तर ५१२ ने. गिबीबाइट असेल, तर १६ ने. काही फर्मवेअर हे आकडे थोड्या उशिराने पुढे सरकवतात, म्हणून फाइल फार लहान ठेवू नये. केवळ शून्यांची फाइलही घेऊ नये, कारण सँडफोर्ससारखे काही कंट्रोलर माहिती दाबून लिहितात आणि फ्लॅशवरच्या लिखाणाची मोजणी त्यामुळे फसवी ठरते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. सांगितल्याप्रमाणे चाचणी केली आणि २४१ चा आकडा ४,८९७ झाला. त्यातले १६ फाइलचे आणि एक प्रणालीच्या स्वतःच्या लिखाणाचे असावे. तेव्हा एकक गिबीबाइट आहे, हे नक्की झाले. आवरण उघडून पाहिले असता कंट्रोलरच्या चिपवर पीएस३१११ ही अक्षरेही मिळाली. फ्लॅशच्या चिपांवर मात्र ओळखीचे कोणतेही चिन्ह नाही. बॅटरी निकामीच आहे. चार्जरची पिन सैल झाली, तरी लॅपटॉप बंद पडतो. नवी बॅटरी मागवली आहे.

आता उरला तो नियमित देखरेखीचा प्रश्न. कोणते आकडे, किती वेळाने आणि कशाने पाहावेत?

प्रतिसाद

फ्लॅश कोणाची, हे सॉफ्टवेअरनेही कळते. एस११ साठी फ्लॅश आयडी वाचणारी छोटी साधने उपलब्ध आहेत आणि त्या आयडीचा पहिला बाइट निर्मात्याचा असतो: ईसी असेल तर सॅमसंग, ९८ असेल तर तोशिबा, २सी मायक्रॉन, एडी हायनिक्स, ८९ इंटेल आणि ४५ सँडिस्क. फक्त वाचण्याचे काम करणारेच साधन वापरा. फर्मवेअर नव्याने चढवणाऱ्या साधनांना हात लावू नका, कारण ती फ्लॅश पूर्ण पुसतात.

देखरेखीसाठी, स्मार्टसीटीएल ज्या संचात येते त्या स्मार्टमॉनटूल्समधील स्मार्टडी पुरेसे आहे. ते विंडोजवर सर्व्हिस म्हणूनही चालते आणि मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी तपासणी करते. ॲट्रिब्यूटांची नोंद फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय त्यात आहे. तो अवश्य चालू करा, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला, हेच अधिक सांगते. आपली एसएसडी डेटाबेसमध्ये नसल्याने १७३ आणि २४१ चा अर्थ ‘-व्ही’ या पर्यायाने कॉन्फिगरेशनमध्ये स्वतः लिहून द्या, आणि १९४ साठीचे इशारे बंद ठेवा.

सर्वांत काळजीपूर्वक पाहायचा तो क्रमांक १७०. त्यातही दोन आकडे एकत्र असतात: कारखान्यातून निघतानाच खराब असलेले ब्लॉक आणि वापरात नंतर खराब झालेले. पहिला बदलत नाही. दुसरा वाढू लागला, तर २३१ ची व्हॅल्यू ९४ असली तरी एसएसडी बदलावी. १६८ आणि २१८ हे साटाच्या दुव्यावरच्या चुका मोजतात. ते वाढले, तर आधी कनेक्टर काढून पुन्हा नीट बसवा, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये दोष बहुधा तिथेच निघतो. १९२ नव्या बॅटरीनंतर स्थिर राहिला पाहिजे.

स्मार्टच्या स्वयंचाचणीवर मी फार विसंबत नाही. कित्येक स्वस्त एसएसडी ती क्षणात संपवून ‘दोष नाही’ असे कळवतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा संपूर्ण एसएसडी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत केवळ वाचून काढा. जिथे वाचन अडखळते किंवा चूक येते, तिथली फ्लॅश अशक्त झाली आहे, हे त्यातून प्रत्यक्ष दिसते. लॅपटॉप महिनोन्महिने बंद राहत असेल, तर हे अधिकच गरजेचे आहे. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१८ या मानकानुसार घरगुती वर्गातल्या एसएसडीने आपली पूर्ण झीज झाल्यावर ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष विजेविना माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा असते. आपली एसएसडी त्या टोकापासून दूर आहे, पण तिच्यातल्या फ्लॅशची प्रत आपल्याला ठाऊक नाही.

विंडोज ७ मध्ये ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवण्याची, सोय आहे. ‘डिसेबल डिलीट नोटिफाय’ची स्थिती एफएसयूटिल या विंडोजमधील आज्ञेने विचारा, उत्तर शून्य आले, तर विंडोज ट्रिमची आज्ञा पाठवत आहे.

आणखी एक गोष्ट नोंदीत ठेवा, ती म्हणजे मॉडेलचे नाव. या कंट्रोलरला स्वतःचे फर्मवेअर फ्लॅशमधून वाचता आले नाही, की तो ‘साटाफर्म एस११’ असे नाव दाखवू लागतो आणि माहितीपर्यंत पोहोचता येत नाही. त्याआधी स्मार्टकडून इशारा मिळेलच, असे नाही. म्हणून डिस्कची जी प्रतिमा आपण घेतली आहे, ती त्याच क्षमतेच्या दुसऱ्या एसएसडीवर आत्ताच उतरवून, त्या एसएसडीवर लॅपटॉप सुरू होतो आणि मोजमाप-यंत्राची प्रणाली उघडते, हे पाहून ठेवा.