मदत हवी आहे: कास्पारोव्हने सातव्या खेळीचा धोका का पत्करला असावा?

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक डीप ब्लू यांच्यात झालेल्या सहाव्या, निर्णायक डावाबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. गुण अडीच-अडीच असे बरोबरीत असताना काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हने कॅरो-कान बचावात (काळ्याच्या एका प्रारंभ-पद्धतीत) सातव्या खेळीला प्यादे एच-६ या घरात सरकवून घोड्याच्या बलिदानाला वाट करून दिली; संगणकाने ई-६वर घोडा घातला, काळ्याचा राजा डी-८वर अडकला आणि पांढऱ्याच्या एकोणिसाव्या खेळीनंतर जगज्जेत्याने डाव सोडला.

खेळींचा क्रम चुकला, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही, कारण हा धोका सर्वपरिचित होता. भरपाई लगेच दिसत नसल्यास संगणक मोहरा देत नाही, या समजावर त्याने भिस्त ठेवली, हे अधिक संभवनीय वाटते. प्रत्यक्षात ते बलिदान डीप ब्लूच्या प्रारंभ-संग्रहातच (आधीच साठवलेल्या सुरुवातीच्या खेळींमध्ये) होते. मी हा डाव स्टॉकफिश या आजच्या बुद्धिबळ-इंजिनावर (खेळी तपासणाऱ्या संगणक-प्रणालीवर) तपासला आहे, पण आजच्या इंजिनाचा कौल त्या काळच्या अपेक्षांबद्दल काहीच सांगत नाही. दुसऱ्या डावानंतर कास्पारोव्हने संगणकाला मानवी मदत मिळाल्याचा जो संशय घेतला, त्याचा वाद येथे अभिप्रेत नाही.

१९९७पूर्वी याच स्थितीत संगणकाने बलिदान टाळून घोडा मागे घेतल्याचा एखादा नोंदवलेला डाव कोणाच्या पाहण्यात आहे का?