नदी-तळ्याकाठी सायकल चालवताना : तुमचा अनुभव लिहा

पाऊस उघडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पाण्याकाठच्या वाटांवर सायकली दिसायला लागतात. त्याच वाटेनं फिरायला आलेली माणसं, धुणं घेऊन निघालेल्या बायका, म्हशी, गळ टाकून बसलेली पोरं, सगळीच असतात. कुणाला धक्का लागला, कोण घसरलं, नंतर तुम्ही काय बदललंत, ते लिहा. सुरुवात मी करतो.

किल्ला तलावाच्या कडेनं सकाळी चाललो होतो. पुढं एक अज्जा, हातात दुधाची किटली. अगदी जवळ गेल्यावर मी घंटी मारली. ते दचकले आणि मी जिकडनं जाणार होतो तिकडंच सरकले. हँडल किटलीला लागलं. दूध फरशीच्या फटींतनं वाहत गेलं, अज्जा बघत उभे राहिले. "बाळा, कमी ऐकू येतंय रे मला. थांबून सांगायचं की," एवढंच म्हणाले. ते अजून मनाला लागून आहे. आता वीसेक पावलांवरच वेग कमी करून एकदा घंटी देतो, "उजवीकडनं येतोय" म्हणतो. कन्नड बोलणारं कुणी असेल तर "स्वल्प दारी बिडरी", म्हणजे जरा वाट द्या. मान वळली नाही तर सरळ खाली उतरतो.

खानापूर : मलप्रभेच्या काठी संध्याकाळी म्हशी पाण्यातनं वर येतात. म्हैस आणि तिचं रेडकू यांच्या मधनं सायकल घालू नका. मी घातली होती, म्हैस अंगावर आली. घंटीनं जनावर आणखी बुजतं. राखणाऱ्याला हाक मारा, कळप जाईपर्यंत थांबा.

निपाणी : वेदगंगेवरचा जत्राट-भिवशी पूल पुरात बुडतो. पाणी ओसरलं की वर गाळाचा पातळ थर राहतो. वरनं वाळलेला दिसतो, खाली लोण्यासारखा. मी पुढचा ब्रेक दाबला आणि कोपरावर आपटलो. ओली रिम तर ब्रेकच धरत नाही. आता ढकलत नेतो, पलीकडं गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चालवून रिम कोरडी करतो, मगच वेग घेतो.

राकसकोप : आमच्या ग्रुपमधल्या एकानं जलाशयाच्या काठावर चेनचं तेल धुवायला घेतलं. मी हात धरला. बेळगावच्या नळाला हेच पाणी येतं हो! चिखल घरी जाऊन धुवा.

चिक्कोडी : कृष्णाकाठच्या अरुंद रस्त्यांवर गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर. खाली उतरा, नदीच्या बाजूला नको, शेताच्या बाजूला उभे राहा. पहिली ट्रॉली गेली म्हणून सायकल पुढं काढू नका. मागची वळणावर आणखी आत येते. माझ्या मागच्या चाकाचा त्यातच चेंदा झाला, मी बांधाला चिकटून उभा होतो म्हणून वाचलो.