ग्रासहॉपरच्या चालू कॅनव्हासवर एआय एजंटला डिलीटचं टूल कसं द्यावं?

दांडियाबाजार_जाळी
नमस्कार मंडळी. राइनो ८ या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरसाठी (कॅनव्हासवर कंपोनंट वायरींनी जोडून भूमिती तयार करायचं टूल) सी-शार्पमध्ये एमसीपी (एआय एजंटला बाहेरची टूल्स वापरू देणारा प्रोटोकॉल) सर्व्हर प्लगइन म्हणून लिहितोय. वाचणं, वायर जोडणं, स्लायडर हलवणं ही टूल्स नीट चालतात. अडलंय ते डिलीटपाशी. आयडी आला की फाइंडऑब्जेक्टने शोधतो आणि रिमूव्हऑब्जेक्टला देतो. कधी कंपोनंट जातो, कधी 'सोल्यूशन (कॅनव्हासची गणना) चालू असताना ऑब्जेक्ट एक्स्पायर झाला' असा डायलॉग येतो, कधी राइनोच बंद पडतं. शिवाय कंट्रोल-झेडने काही परत येत नाही. याच डेफिनिशनमधून (ग्रासहॉपरची फाइल) दर्शनी जाळीची कटिंग फाइल मकरपुऱ्याला लेसरवाल्याकडे जाते, त्यामुळे अंदाजपंचे काही नकोय.

रावपुरा_नोड्स
दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला थ्रेडचा. एजंटची विनंती सॉकेटच्या बॅकग्राउंड थ्रेडवर येते आणि कॅनव्हासला हात फक्त यूआय थ्रेडवरून (खिडक्या आणि क्लिक सांभाळणारा मुख्य थ्रेड) लावायचा असतो. म्हणून काम इन्व्होकऑनयूआयथ्रेडमधून पाठवा, आणि तिथेही थेट काढू नका. शेड्यूलसोल्यूशनला ५ मिलिसेकंदांचा विलंब देऊन त्याच्या कॉलबॅकमध्ये काढा. तो पुढचं सोल्यूशन सुरू होण्याआधी चालतो. तिथे रिमूव्हऑब्जेक्ट्सला पूर्ण यादी एकदम द्या आणि दुसरा पॅरामीटर फॉल्स ठेवा, कारण सोल्यूशन तसंही होणारच आहे.

दुसरा अनडूचा. रिमूव्हऑब्जेक्ट स्वतःहून अनडूची नोंद करत नाही. काढण्याच्या आधी अनडूयुटिलमधल्या रेकॉर्डरिमूव्हऑब्जेक्टइव्हेंटला तीच यादी द्या. पूर्ण यादीची नोंद एकच झाली की एका कंट्रोल-झेडमध्ये सगळं वायरींसकट परत येतं.

आणि कॉलबॅक संपेपर्यंत एजंटला 'झालं' असं उत्तर पाठवू नका. राइनोत एखादा डायलॉग उघडा असेल तर यूआय थ्रेड अडकून राहतो, म्हणून टाइमआउट हवाच. टाइमआउट झाला की रांगेतलं काम रद्द करा. नाहीतर एजंटला अपयश कळवलेलं असतं, तो दुसराच उपाय सुरू करतो, आणि डायलॉग बंद होताच जुनं डिलीट चालून जातं.

मांडवी_पॅरामेट्रिक
वरचं सगळं बरोबर, पण मला खरी काळजी वाटते ती डिलीट बिनबोभाट यशस्वी होतं तेव्हा. पॅरामीटरला एकही सोर्स उरला नाही की ग्रासहॉपर त्याच्या आत साठवलेला पर्सिस्टंट डेटा वापरतो. सर्कल कंपोनंटच्या रेडियसमध्ये तो मुळातच १ असतो. जाळीच्या भोकांना १२ देणारा स्लायडर एजंटने उडवला तर काहीही लाल (एरर) होत नाही, नारिंगीही (वॉर्निंग) होत नाही. भोकं गपचूप १ मिमी त्रिज्येची होतात आणि फाइल तशीच कटिंगला जाते. इनपुटला दोन सोर्स असतील आणि त्यातला एक गेला तर यादीची लांबी बदलते, मग पुढच्या लिस्ट आयटमचे क्रमांक सरकतात. तिथेही इशारा मिळेलच असं नाही.

म्हणून टूल दोन टप्प्यांत करा. पहिल्या कॉलमध्ये काहीच काढायचं नाही. प्रत्येक आउटपुटचे रिसिपियंट्स (त्याला जोडलेले पुढचे इनपुट) चाळून यादी द्या: कुठल्या इनपुटचा सोर्स शून्यावर येतो, तिथे आत कुठली किंमत पडून आहे. सोबत एक टोकन. दुसरा कॉल तेच टोकन घेऊन येईल तेव्हा काढा, आणि मधल्या काळात माणसाने कॅनव्हासवर वायर हलवली असेल तर टोकन बाद.

एखादा कंपोनंट खरंच नको आहे का हे एजंटला तपासायचं असेल तर आधी डिसेबल करायला लावा. वायर जोडलेली राहते पण डेटा येत नाही, त्यामुळे पर्सिस्टंट किंमत मध्ये घुसत नाही आणि सक्तीचा इनपुट असलेला पुढचा कंपोनंट नारिंगी होतो. कोण कोणावर अवलंबून आहे ते डोळ्यांना दिसतं.

दांडियाबाजार_जाळी
पर्सिस्टंट डेटाचं अजिबात लक्षात आलं नसतं, आभार. एमसीपीत डिस्ट्रक्टिव्हहिंट (हे टूल काही नष्ट करू शकतं असं सांगणारी खूण) ट्रू ठेवलंय, ते पुरेल का? आणि आयडी कुठला घ्यायचा?

रावपुरा_नोड्स
ती नुसती सूचना आहे. क्लायंट ती पाळेलच असं नाही, अडवायचं काम सर्व्हरनेच करायचं. आयडी फक्त इन्स्टन्सगाइड (त्या एका ऑब्जेक्टचा स्वतःचा आयडी). कंपोनंटगाइड त्या प्रकारच्या सगळ्यांचा एकच असतो, त्यावर शोध लावलात तर एका स्लायडरऐवजी सगळे स्लायडर जातील. निकनेमही नको, 'काउंट' नावाचे चार सापडतात.

ग्रूपचा आयडी आला तर फक्त ग्रूपची चौकट जाते, आतले कंपोनंट तसेच राहतात. हे उत्तरात स्पष्ट लिहा, नाहीतर एजंट सगळं साफ झालं असं धरून पुढे जातो. क्लस्टरच्या (एकाच कंपोनंटमध्ये गुंडाळलेला कंपोनंटांचा संच) आतला डॉक्युमेंट वेगळा असल्यामुळे तिथले ऑब्जेक्ट मुख्य डॉक्युमेंटमध्ये सापडणार नाहीत.

मांडवी_पॅरामेट्रिक
आणखी एक: बेक केलेली (ग्रासहॉपरमधून राइनोत उतरवलेली) भूमिती कंपोनंट काढल्यावरही राइनोत राहते. डीएक्सएफ (कटिंगची फाइल) काढण्याआधी तो लेयर रिकामा करून पुन्हा बेक करा. डिलीटच्या सत्राआधी जीएचएक्समध्ये (ग्रासहॉपरचा फाइल प्रकार) प्रत ठेवा. ती एक्सएमएल असल्यामुळे आधीची आणि नंतरची फाइल डिफमध्ये टाकून नेमकं काय गेलं ते बघता येतं.