'पाचारण', 'वसा' की 'ओढ'?

प्रश्न : एका ख्रिस्ती समुदायाचं माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. तिथं बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली माणसं एकाच घरात राहतात. 'या कामासाठी देव मला बोलावतो आहे असं वाटणं' या अर्थाचा शब्द पानोपानी येतो. पाचारण, व्रत, वसा, आतली हाक, यांतला कोणता घ्यावा? आणि घरातल्या दोन्ही प्रकारच्या माणसांना काय म्हणावं?

उत्तर १ : 'पाचारण'च घ्या. मराठी बायबलमध्ये, विशेषतः पौलाच्या पत्रांत, हाच शब्द रुळला आहे आणि चर्चमधल्या वाचकाला तो लगेच कळतो. इंग्रजी 'व्होकेशन' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याच्या मुळाशीही 'हाक मारणे' हीच क्रिया आहे. वापरताना क्रियापद सांभाळा. बोलावणारा 'पाचारण करतो', ज्याला बोलावलं त्याला 'पाचारण होतं'. 'मला या कामाचं पाचारण आहे' हे अडखळतं. 'मला या कामासाठी पाचारण झालं आहे' असं लिहा.

उत्तर २ : चर्चबाहेरच्या वाचकाचाही विचार करा. त्याला हा शब्द माहीत आहे तो बातम्यांमधून : 'अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.' त्यात तातडी आहे, जन्मभराची बांधिलकी नाही. ती 'वसा'मध्ये आहे. 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' हे कहाण्यांमुळे कानात बसलेलं आहे.

उत्तर १ : बांधिलकीचं म्हणणं मान्य, पण अडचण नेमकी 'घेतला' या शब्दात आहे. वसा घेतात, व्रतही घेतात. दोन्हीकडे कर्ता मीच. पाचारणात कर्ता दुसरा असतो आणि मी फक्त उत्तर देतो. पत्रकात भर या दुसऱ्या गोष्टीवर असेल तर 'वसा'ने वाक्याचा कर्ताच बदलतो. पाचारण स्वीकारून कायमचं राहायचं ठरवल्यानंतरच्या टप्प्याला मात्र 'वसा' सुंदर बसेल. 'ओढ' ही त्याआधीची पायरी : मन वळतं आहे, निर्णय झालेला नाही. तिन्ही शब्द ठेवा, आपापल्या जागी.

उत्तर ३ : या प्रकारच्या समुदायांत सर्वांत परिचित नाव 'लार्श'. १९६४ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात ज्याँ व्हानिए यांनी दोन बौद्धिकदृष्ट्या अक्षम माणसांसोबत एका घरात राहायला सुरुवात केली, तिथून ते वाढलं. नावाचा अर्थ 'तारू', बायबलमधल्या महापुराच्या कथेतलं नोहाचं तारू. पत्रकात तो अर्थ आला तर 'जहाज' किंवा 'नौका' नको, मराठी बायबलमध्ये 'तारू'च आहे.

आता माणसांची नावं. या घरांत अक्षमता असलेल्यांना 'गाभ्याचे सदस्य' अशा अर्थाचा शब्द वापरतात, कारण घर त्यांच्याभोवती उभं असतं. 'लाभार्थी' लिहिलंत तर सगळी कल्पना कोसळते. 'मुख्य सदस्य' लिहिलं तर वाचकाला कार्यकारिणी आठवेल. 'घराचे मूळ सदस्य' चालेल. सोबत राहणाऱ्यांना 'सहायक' म्हणा, 'सेवक' नको.

'सेवा' या शब्दाबद्दल मला फार वाटतं. त्यात एक देणारा आणि एक घेणारा पक्का होतो. मूळ मजकुरात पाचारण दोघांनाही झालेलं आहे का ते तपासा. असेल तर 'सेवाव्रत' बसणारच नाही. शब्दयोगी अव्ययंही याच नजरेनं पाहा : 'साठी' ठेवलंत की एक बाजू उंच होते, 'सोबत' ठेवलंत की दोघं एकाच पंगतीत बसतात. 'मतिमंद' टाळा, 'बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती' लिहा. 'दिव्यांग' सरकारी कागदांत रूढ झाला आहे, पण अक्षमतेला दैवी म्हणणं अनेक अपंग कार्यकर्त्यांना पटत नाही. धार्मिक पत्रकात तर तो आणखी वेगळा अर्थ घेईल.

प्रश्नकर्ता : आभार. पाचारण खरं आहे का हे ओळखण्याच्या प्रक्रियेला काय म्हणू? 'विवेक' फार मोघम वाटतो.

उत्तर ३ : 'पारख'. आणि ती दोन्हीकडून होते. आधी काही दिवसांची भेट, मग ठरावीक महिन्यांचा परिचयकाळ, मग सहायक आणि समुदाय दोघांचा निर्णय. 'परिवीक्षा' नको, त्यात एकच बाजू परीक्षा घेते.

व्यवहाराच्या ओळी साध्या ठेवा. राहणं-जेवण धरून थोडे पैसे मिळत असतील तर 'हातखर्च', ठरलेली नोकरी असेल तर 'पगार'. 'मानधन' लिहून दोन्हींमधला फरक झाकू नका. आठवड्याची सुट्टी, रात्री जागं राहण्याची पाळी, उचलण्याचं आणि फिट आल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण, औषधांची नोंदवही : प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या. पाचारणाच्या भाषेत सुट्टी हरवली की माणूस थकतो आणि थकव्यालाच विश्वासाची कमतरता समजतो.

'देवाची इच्छा आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या वतीनं कुठेही येऊ देऊ नका. लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल २०२० मध्ये आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नात्याचा आधार घेऊन व्हानिए यांनी किमान सहा महिलांशी शोषणाचे लैंगिक संबंध ठेवले होते, हे त्यातून पुढे आलं. त्या महिला अपंग नव्हत्या. म्हणून पत्रकात 'तुम्हांला पाचारण झालं आहे' असं वाचकाला सांगू नका. 'मला पाचारण होत आहे असं वाटतं' हे वाक्य प्रथमपुरुषातच ठेवा.